वॉरेन एस. जॉन्सन

वॉरेन सीमोर जॉन्सन (६ नोव्हेंबर, इ.स. १८४७ : लेस्टर, व्हरमाँट, अमेरिका – ५ डिसेंबर, इ.स. १९११ : लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन शिक्षक, संशोधक आणि उद्योजक होते. खोलीचे तापमान ठरावीक पातळीच्या वर किंवा खाली गेल्यास विजेच्या साहाय्याने सूचना देणारे उपकरण त्यांनी तयार केले. त्याचे पेटंट त्यांना २४ जुलै १८८३ रोजी मिळाले. पुढे दाबाखालील हवेच्या बळावर मोठ्या इमारतीतील प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणारी यंत्रणा त्यांनी विकसित केली. इ.स. १८८५ मध्ये मिलवॉकी येथे त्यांनी सुरू केलेली कंपनी आज जॉन्सन कंट्रोल्स या नावाने ओळखली जाते. इमारतींच्या स्वयंचलित नियंत्रणाच्या आद्य प्रवर्तकांत जॉन्सन यांची गणना होते.

बालपण आणि पूर्वायुष्य

जॉन्सन यांचा जन्म अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब पश्चिमेकडे विस्कॉन्सिन राज्यात स्थलांतरित झाले. विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा इ.स. १८४८ मध्ये, म्हणजे जॉन्सन यांच्या जन्मानंतर वर्षभराच्या आतच मिळाला होता. जंगल तोडून शेते तयार करणे, गावे वसवणे, शाळा उघडणे अशी कामे तेथे चालू होती. अशा नव्या वस्तीच्या प्रदेशात एकाच माणसाला अनेक कामे करावी लागत. जॉन्सन यांनीही तरुणपणी छापखान्यात काम केले, जमिनीची मोजणी केली आणि शाळेत शिकवले. मुद्रकाच्या कामाला हाताचा सराव लागतो आणि मोजणीदाराच्या कामाला मोजमापाची अचूकता लागते. त्यांच्या पुढील संशोधनात या दोन्ही गुणांचा उपयोग झालेला दिसतो.

शिक्षक म्हणून त्यांनी एकेक पायरी चढत प्रगती केली. वर्गशिक्षकानंतर ते मुख्याध्यापक झाले आणि त्यानंतर विस्कॉन्सिनमधील डन परगण्याच्या शाळांचे अधीक्षक झाले. मेनोमनी हे या परगण्याचे मुख्य ठिकाण आहे. अधीक्षकाला अनेक शाळांची व्यवस्था पाहावी लागे. त्या काळातील लहान शाळांत वर्गाच्या मध्यभागी एखादी शेगडी असे. तिच्या जवळ बसणाऱ्या मुलांना उष्म्याचा त्रास होई, तर भिंतीलगत बसणारी मुले थंडीने कुडकुडत.

व्हाइटवॉटर येथील अध्यापन

इ.स. १८७६ मध्ये जॉन्सन व्हाइटवॉटर येथील राज्य अध्यापक विद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. भावी शिक्षकांना घडवणारी ही संस्था इ.स. १८६८ मध्ये सुरू झाली होती. आज तिचे विस्कॉन्सिन विद्यापीठ–व्हाइटवॉटर या विद्यापीठात रूपांतर झाले आहे. येथे जॉन्सन यांनी निसर्गविज्ञान, चित्रकला आदी विषय शिकवले. पुढे उद्योजक झाल्यावरही ते प्रोफेसर जॉन्सन या नावानेच ओळखले जात.

विद्यालयाची इमारत तळघरातील भट्टीच्या उष्णतेने तापवली जाई. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. त्यामुळे भट्टी विझू देणे शक्य नसे आणि ती सतत एकाच जोमाने पेटती ठेवणेही योग्य नसे. कोणत्या खोलीत किती ऊब आहे हे तळघरातील कामगाराला कळण्याचा एकच मार्ग होता. तो ठरावीक वेळाने जिने चढून वर येई, प्रत्येक वर्गाचे दार उघडून भिंतीवरील तापमापक पाही आणि परत खाली जाऊन उष्ण हवेच्या मार्गावरील झडपा उघडत किंवा बंद करत असे. यात त्याची दमछाक होई, शिकवण्यात खंड पडे आणि तो तळघरात पोहोचेपर्यंत वर्गातील परिस्थिती बदललेली असे. व्यत्यय आल्यावर विद्यार्थ्यांचे लक्ष पुन्हा विषयाकडे वळवण्यात आणखी वेळ जाई.

खोलीचे तापमान खोलीनेच तळघरात कळवावे, असा उपाय जॉन्सन यांनी शोधला.

विद्युत तापसूचक

जॉन्सन यांच्या उपकरणाचा मुख्य घटक द्विधातू पट्टी हा होता. उष्णतेने सर्वच धातू प्रसरण पावतात, पण सर्वांचे प्रसरण सारखे नसते. दोन भिन्न धातूंच्या पातळ पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या आणि तापवल्या, तर एक पट्टी अधिक लांबू पाहते, दुसरी तिला अडवते आणि परिणामी संपूर्ण पट्टी वाकते. थंड होताच ती पूर्ववत होते. घरातील विजेच्या इस्त्रीत तापमान राखण्यासाठी हेच तत्त्व वापरलेले असते.

हे तत्त्व जॉन्सन यांनी शोधलेले नव्हते. अठराव्या शतकात इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी तापमानातील बदलामुळे घड्याळात पडणारा फरक दूर करण्यासाठी द्विधातू पट्टी वापरली होती. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी इ.स. १८३० मध्ये द्विधातू पट्टीवर आधारित तापनियंत्रकाचे पेटंट घेतले होते. जॉन्सन यांनी या पट्टीला विजेची जोड दिली. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पट्टी वाकून विद्युत मंडल पूर्ण करी आणि तळघरात घंटा वाजे. घंटा ऐकून कामगार त्या खोलीची झडप फिरवी. वर्गात कोणी येण्याची गरज उरत नसे.

पेटंटात या उपकरणाला विद्युत दूरतापदर्शक अशा अर्थाचे नाव होते. ते नाव यथार्थ आहे, कारण हे उपकरण तापमान दुरून दाखवत असे, मात्र ते स्वतः नियंत्रित करत नसे. खोलीला जे जाणवते ते तळघरात कळू लागले, पण झडप फिरवण्याचे काम माणसाच्याच हाती होते. तेही यंत्राकडे सोपवण्याचा प्रयत्न जॉन्सन यांनी पुढे केला.

कंपनीची स्थापना

शिक्षकाच्या वेतनावर कारखाना उभारणे शक्य नव्हते. मिलवॉकी येथील विल्यम प्लँकिंटन यांनी जॉन्सन यांना भांडवल पुरवले. प्लँकिंटन हे मांसप्रक्रिया उद्योगातील एका धनाढ्य घराण्याचे वारस होते. या पाठबळामुळे जॉन्सन यांनी अध्यापन सोडले आणि ते मिलवॉकीस आले. इ.स. १८८५ मध्ये जॉन्सन इलेक्ट्रिक सर्व्हिस कंपनी या नावाने संस्थेची नोंदणी झाली. इ.स. १९०२ मध्ये नावातील इलेक्ट्रिक हा शब्द वगळून जॉन्सन सर्व्हिस कंपनी असे नाव ठेवण्यात आले. तोवर कंपनीच्या मुख्य यंत्रणेत विजेची जागा बव्हंशी हवेने घेतली होती.

नावातील सर्व्हिस म्हणजे सेवा या शब्दामागे निश्चित धोरण होते. कंपनी आपली उपकरणे केवळ विकून थांबत नसे. ती बसवण्याचे काम कंपनीने प्रशिक्षित केलेल्या कारागिरांनीच करावे, असा जॉन्सन यांचा आग्रह होता. तापनियंत्रकाची जागा चुकली, तो खिडकीजवळ किंवा उष्ण नळाशेजारी बसवला, तर निर्दोष उपकरणही चुकीचे तापमान दाखवते. हवेच्या नळीचा एक सांधा सैल राहिला तर यंत्रणेच्या त्या भागाचे काम बिघडते. उपकरण किती चांगले आहे याइतकेच ते कसे बसवले आहे यालाही महत्त्व आहे, हा विचार त्या धोरणामागे होता. इमारत-नियंत्रणाच्या व्यवसायात आजही तो मानला जातो.

हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा

तापनियंत्रकाची द्विधातू पट्टी अतिशय नाजूक असते. तिच्या हालचालीने विद्युत मंडल जोडता येते, पण वाफेच्या नळावरील जड झडप फिरवता येत नाही. त्या काळात आजच्यासारख्या लहान आणि स्वस्त विद्युत मोटारी सहज मिळत नव्हत्या आणि अनेक इमारतींत विजेचा पुरवठाच नव्हता. विद्युतघटाचा क्षीण प्रवाह घंटा वाजवण्यास पुरे, पण झडपेसाठी त्याहून मोठे बळ लागे. जॉन्सन यांनी ते बळ दाबाखालील हवेतून मिळवले. आरंभीच्या रचनेत विद्युत तापनियंत्रक एका छोट्या विद्युतचुंबकीय झडपेद्वारे हवेचा मार्ग उघडी किंवा बंद करी आणि ती हवा वाफेची मोठी झडप हलवी. पुढे तापनियंत्रकही थेट हवेवर चालू लागला. प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणाऱ्या त्यांच्या वायवीय यंत्रणेचे पेटंट इ.स. १८९५ चे आहे.

अशा यंत्रणेची सर्वसाधारण रचना पुढीलप्रमाणे असते. तळघरातील कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवतो. टाकीतून निघालेली मुख्य नळी इमारतभर फिरते आणि प्रत्येक खोलीतील तापनियंत्रकापर्यंत पोहोचते. तापनियंत्रकात हवेची एक बारीक तोटी असते आणि तिच्या तोंडासमोर द्विधातू पट्टीचे टोक असते. पट्टी वाकून तोटीच्या जवळ आली की हवेला बाहेर पडण्यास जागा कमी राहते आणि आतील दाब वाढतो. पट्टी दूर गेली की हवा निसटते आणि दाब उतरतो. हा कमीजास्त होणारा दाब दुसऱ्या नळीने वाफेच्या झडपेवरील लवचिक पडद्यापर्यंत जातो. दाब वाढला की पडदा फुगतो, दांडा खाली ढकलला जातो आणि वाफेचा मार्ग आक्रसतो. दाब उतरला की स्प्रिंग दांड्याला वर उचलते आणि वाफ पुन्हा वाहू लागते.

विजेची कळ चालू किंवा बंद एवढ्या दोनच अवस्था जाणते. हवेचा दाब मात्र हळूहळू वाढवता किंवा कमी करता येतो, त्यामुळे झडप पाव, निम्मी किंवा पाऊण उघडी ठेवता येते. पुढे रूढ झालेल्या प्रमाणानुसार हा नियंत्रक दाब प्रति चौरस इंच ३ ते १५ पौंडांच्या दरम्यान असतो. ३ पौंडांवर झडप एका टोकाला असते, १५ पौंडांवर दुसऱ्या टोकाला असते आणि मधल्या दाबांवर ती मधल्या स्थितीत राहते.

या रचनेत सुरक्षिततेचीही सोय असते. कॉम्प्रेसर बंद पडला किंवा नळी फुटली तर दाब शून्यावर येतो. थंड प्रदेशात वाफेच्या झडपा बहुधा अशा निवडल्या जातात की दाब नाहीसा झाल्यास स्प्रिंग झडप पूर्ण उघडते. अशा वेळी खोली प्रमाणाबाहेर तापेल, पण पाण्याचे नळ गोठून फुटणार नाहीत. शिवाय हवेच्या नळीत ठिणगी पडण्याचा धोका नसतो आणि हवेची लहानशी गळती झाली तरी अपघात होत नाही. या गुणांमुळे ही यंत्रणा शाळा, रुग्णालये, कार्यालये आणि शासकीय इमारतींत वेगाने पसरली. अमेरिकी संसदेची इमारत, स्मिथसोनियन संस्था, न्यू यॉर्कचा शेअर बाजार आणि उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे निवासस्थान अशा नामांकित वास्तूंत जॉन्सन यांच्या कंपनीची यंत्रणा बसवण्यात आली.

मनोऱ्यांवरील घड्याळे

दाबाखालील हवेचा उपयोग जॉन्सन यांनी तापमानापुरता मर्यादित ठेवला नाही. उंच मनोऱ्यावरील घड्याळाचे काटे मोठे आणि जड असतात. वारा, पाऊस आणि बर्फ यांच्या माऱ्यात ते फिरवणे हे अवघड काम असते. वेळ अचूक राखणारे घड्याळ नाजूक असावे लागते, तर काटे फिरवणारे यंत्र दणकट असावे लागते. हे दोन गुण एकाच यंत्रात आणणे कठीण असते. जॉन्सन यांनी त्यांची फारकत केली. वेळ राखण्याचे काम खाली सुरक्षित जागी ठेवलेल्या प्रमाण घड्याळाकडे दिले आणि काटे हलवण्याचे काम हवेच्या दाबाकडे सोपवले. नाजूक पट्टीने जड झडप हलवायची हीच कल्पना येथे वेगळ्या रूपात वापरलेली दिसते.

मिलवॉकीच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर त्यांच्या कंपनीने असे घड्याळ बसवले. त्याहून प्रसिद्ध घड्याळ फिलाडेल्फियाच्या नगरभवनाचे आहे. या मनोऱ्याच्या चारही बाजूंना प्रत्येकी २६ फूट व्यासाच्या तबकड्या आहेत. लंडनच्या बिग बेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घड्याळाच्या तबकड्यांपेक्षा त्या मोठ्या आहेत. इ.स. १८९९ च्या पहिल्या दिवशी हे घड्याळ सुरू झाले. इ.स. १९४७ मध्ये त्यातील हवेवर चालणारी यंत्रणा काढून विद्युत मोटारी बसवण्यात आल्या, पण तबकड्या आणि मनोरा आजही उभे आहेत.

इ.स. १९०४ मध्ये सेंट लुइस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात कंपनीने फुलांचे भव्य घड्याळ उभारले. त्याचा व्यास ११२ फूट होता. कृषिदालनासमोरील उतारावर फुलझाडे लावून त्याची तबकडी तयार केली होती. मिनिटकाटा दर मिनिटाला सुमारे ५ फूट पुढे सरके. हे काटेही दाबाखालील हवेने फिरत.

इतर उपक्रम

जॉन्सन यांच्या नावावर ५० हून अधिक पेटंटे आहेत आणि त्यांचे विषय विविध आहेत. दारांची कुलपे, पंक्चर न होणारे टायर आणि रेल्वेच्या डब्यांना वाफ पुरवणाऱ्या नळ्यांची जोडणी अशा अनेक गोष्टींत त्यांनी लक्ष घातले.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते बिनतारी संदेशवहनाकडे वळले. इटालियन संशोधक गुल्येल्मो मार्कोनी यांच्या प्रयोगांची तेव्हा जगभर चर्चा होती. जॉन्सन यांनी मिलवॉकी येथे अमेरिकन वायरलेस टेलिग्राफ कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला. रेडिओच्या इतिहासात पुढे प्रसिद्धीस आलेले ली डी फॉरेस्ट यांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी येथे अल्पकाळ काम केले होते. प्रयोगांसाठी मनोराही उभारण्यात आला. मात्र या उपक्रमाला व्यापारी यश मिळाले नाही.

त्यानंतर जॉन्सन यांनी मोटारगाड्यांच्या निर्मितीत लक्ष घातले. त्यांच्या कंपनीने वाफेवर चालणारी वाहने तयार केली आणि पुढे पेट्रोलवर चालणारी वाहनेही बनवली. इ.स. १९०७ मध्ये मिलवॉकी शहरात मोटारीने टपाल वाहून नेण्याचे कंत्राटही त्यांना मिळाले. टपाल घोडागाडीने नेले जाण्याच्या त्या काळात हा प्रयोग धाडसी होता. तथापि, मोटार उद्योगात टिकून राहण्यासाठी लागणारे भांडवल आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन यांचा मेळ बसला नाही.

कंपनीला स्थिर उत्पन्न तापनियंत्रणातून मिळत होते, तर संस्थापकाचे मन नव्या प्रयोगांत रमत होते. ही ओढाताण त्यांच्या उत्तरायुष्यात कायम राहिली. एका व्यवसायातून मिळालेला पैसा दुसऱ्या प्रयोगात खर्च होत असे. या प्रवृत्तीतूनच घड्याळांसारखी चिरस्थायी कामे झाली आणि बिनतारी संदेशवहनासारखी खर्चिक अपयशेही तिच्यातूनच आली.

निधन आणि त्यानंतरची कंपनी

५ डिसेंबर १९११ रोजी लॉस एंजेलस येथे वयाच्या ६४ व्या वर्षी जॉन्सन यांचे निधन झाले. इ.स. १९१२ मध्ये हॅरी एलिस यांची कंपनीच्या अध्यक्षपदी निवड झाली. त्यांनी मोटारींसह इतर व्यवसाय बंद केले आणि इमारतींचे तापनियंत्रण या एकाच विषयावर लक्ष केंद्रित केले. कंपनी पुढे टिकली याचे मोठे श्रेय या निर्णयाला दिले जाते. अर्थात, ज्या व्यवसायावर एलिस यांनी सारी भिस्त ठेवली, त्याचा पाया जॉन्सन यांनीच घातलेला होता.

इ.स. १९७२ मध्ये कंपनीने लघुसंगणकाच्या साहाय्याने इमारतीचे नियंत्रण करणारी जेसी-८० ही प्रणाली बाजारात आणली. इ.स. १९७४ मध्ये कंपनीचे नाव जॉन्सन कंट्रोल्स असे झाले. इ.स. १९९० मध्ये मेटासिस ही इमारत-व्यवस्थापन प्रणाली आली. इ.स. २०१६ मध्ये टायको या कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले.

समकालीन संशोधक

जॉन्सन यांना तापनियंत्रकाचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. वर उल्लेखिलेल्या यूर यांच्या पेटंटामुळे हे विधान जपून करावे लागते. जॉन्सन यांच्या काळातही या क्षेत्रात ते एकटे नव्हते. मिनियापोलिस येथील अल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप उघडणारे उपकरण तयार केले. त्यातून वाढलेला उद्योग पुढे हनीवेल या नावाने प्रसिद्ध झाला. विस्कॉन्सिनमधीलच विल्यम पॉवर्स यांनीही तापनियंत्रकांची निर्मिती करून शिकागोत आपली कंपनी स्थापन केली. बुट्झ यांच्या उपकरणाचा रोख मुख्यतः घरातील एका भट्टीवर होता. जॉन्सन यांनी अनेक खोल्यांची मोठी इमारत विचारात घेतली आणि प्रत्येक खोलीला तिचे स्वतःचे नियंत्रण दिले. त्यांचे वेगळेपण या विचारात आहे.

वायवीय यंत्रणेचा वारसा

जॉन्सन यांच्यानंतर अनेक दशके मोठ्या इमारतींचे नियंत्रण प्रामुख्याने हवेच्या दाबावरच चालत राहिले. इ.स. १९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियकावर आधारित नियंत्रक स्वस्त होऊ लागले. ते तापमान अधिक अचूक मोजतात, त्याची नोंद ठेवतात, वेळापत्रकानुसार काम करतात आणि एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करतात. मात्र जुन्या इमारतींत हवेच्या नळ्या, झडपा आणि वायुमार्गावरील पडदे भिंतींत व छतांत पक्के बसलेले असतात. ते सर्व उखडून काढणे खर्चाचे असते आणि चालू रुग्णालयात किंवा शाळेत जवळजवळ अशक्य असते. झडपेवरील पडदा आणि स्प्रिंग ही रचना इतकी साधी आहे की ती दीर्घकाळ चालते. त्यामुळे अनेक ठिकाणी निर्णय घेणारा भाग बदलला गेला आणि हालचाल करणारा भाग तसाच ठेवला गेला.

या दोहोंची सांगड घालण्यासाठी विद्युत संदेशाचे हवेच्या दाबात रूपांतर करणारी उपकरणे वापरली जातात. इमारत-नियंत्रकाला जोडावयाचे वायवीय आउटपुट मॉड्यूल हा त्यांचाच एक प्रकार होय. अशा मॉड्यूलमध्ये साधारणपणे प्रत्येक निर्गमासाठी दोन सूक्ष्म विद्युत झडपा असतात. एक हवा आत घेते आणि दुसरी बाहेर सोडते. दाब मोजणारा संवेदक प्रत्यक्ष दाब नियंत्रकाला कळवतो आणि अपेक्षित दाब येईपर्यंत या झडपा उघडझाप करतात. बाहेर पडणारा दाब बहुधा तोच, म्हणजे प्रति चौरस इंच ३ ते १५ पौंडांच्या टप्प्यातील असतो. त्यामुळे दाब जुन्या तापनियंत्रकाकडून आला की संगणकीय नियंत्रकाकडून, याने झडपेच्या कामात फरक पडत नाही.

असे मॉड्यूल बसवताना घ्यावयाची काळजीही जुन्या काळासारखीच आहे. जोडणीपूर्वी नियंत्रकाचा वीजपुरवठा बंद केला जातो. हवा स्वच्छ, कोरडी आणि तेलविरहित असावी लागते, कारण कॉम्प्रेसरमधून आलेले तेल किंवा पाणी सूक्ष्म झडपांत शिरल्यास त्या निकामी होतात. म्हणून मॉड्यूलच्या आधी गाळणी आणि दाबनियंत्रक बसवतात. जुन्या नळ्या जोडण्यापूर्वी त्यांतून हवा जोराने सोडून साचलेला कचरा काढला जातो. पुरवठ्याची नळी आणि झडपेकडे जाणारी नळी यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर खुणा केल्या जातात. नळीला तीव्र वळण किंवा चिमटा पडू देत नाहीत. शेवटी दाबमापक जोडून नियंत्रकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब ताडून पाहतात. वीज गेल्यावर मॉड्यूल शेवटचा दाब धरून ठेवणार की हवा सोडून देणार, हे आधीच माहीत असावे लागते. त्यावरच झडप उघडी राहील की बंद होईल हे अवलंबून असते आणि कडक हिवाळ्यात हा प्रश्न इमारतीच्या सुरक्षिततेचा असतो.

मूल्यमापन

जॉन्सन यांच्या कार्यामुळे इमारतीतील सोयीची कल्पना बदलली. त्यांच्यापूर्वी संपूर्ण इमारतीला एकच भट्टी आणि तिच्यावर देखरेख करणारा एक माणूस असे. उत्तरेकडील खोली गार आणि दक्षिणेकडील खोली उष्ण असणे हे लोकांनी गृहीत धरलेले होते. खोलीनिहाय नियंत्रणामुळे गरजेपुरतीच उष्णता देणे शक्य झाले आणि इंधनाची बचत होऊ लागली. ऊर्जा-बचतीचा विचार आज जगभर महत्त्वाचा मानला जातो. जॉन्सन यांच्या काळी त्यामागे पर्यावरणाची चिंता नव्हती. कोळशाचा खर्च आणि वर्गातील शांतता ही त्यामागची व्यावहारिक कारणे होती.

या बदलाची दुसरी बाजूही आहे. जिने चढून प्रत्येक खोली पाहणाऱ्या कामगाराचे श्रम वाचले, पण काही काळाने त्याच्या कामाचेही महत्त्व ओसरले. त्याच्या जागी नळ्या, झडपा आणि दाब जाणणारा प्रशिक्षित कारागीर आला. श्रमाचे स्वरूप बदलून त्याला नव्या कौशल्याची जोड लागणे ही औद्योगिक युगातील व्यापक प्रक्रिया होती. शाळेच्या तळघरात घडलेला हा बदल तिचाच एक भाग होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक कीर्तिभवनात जॉन्सन यांचा समावेश करण्यात आला आहे. त्यांचे सर्वांत परिचित संशोधन प्रयोगशाळेत सुरू झाले नव्हते. चालू वर्गात वारंवार येणाऱ्या एका साध्या व्यत्ययाकडे शिक्षकाने लक्ष दिले आणि त्यातून ते घडले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या चरित्राचा उल्लेख मुख्यतः या कारणासाठी केला जातो.